कृतीचें फळ कोणाचें?

फ्रान्समधील तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा सुमारें २४० किलोमीटरांचा ‘कनाल द्यु मिदी’ १६६६ ते १६८१ या काळांत खणला गेला. त्याचा कर्ता रिके १६८० मध्येंच निवर्तला. ज्या व्यापारासाठीं तो झिजला, तो पुढें आगगाडी व मोटारींनीं हिरावून नेला. नावा ओढणाऱ्या घोड्यांच्या वाटेवरून आज सायकलस्वार मोटारींच्या भयावांचून खडी तुडवीत जातो. मग रिकेचा खटाटोप वायां गेला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कर्त्याचा हेतु मावळतो. नेकीनें केलेलें काम दुसऱ्या हेतूच्या उपयोगीं पडतें. मात्र आयतें फळ ऋणहि ठेवून जातें. २००६ मध्यें आढळलेल्या बुरशीच्या रोगामुळें काठचे हजारों प्लेन वृक्ष तोडावे लागले. त्यांच्या जागीं रोप लावणाऱ्यास त्याची पुरती सावली क्वचितच लाभेल. तरीहि तो लावतो. ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हांस ठाऊक नाहीं.