मत मागणारे आणि शपथ मागणारे

गेल्या विधानसभेसाठी मराठवाड्यात २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले व २३ तारखेस मोजणी झाली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील नऊ जागांचे निकाल सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचलेच आहेत; ते पुन्हा देण्याचे प्रयोजन नाही. एक मात्र सांगतो. शहराच्या पूर्व भागात (शहराचे नाव २०२३ साली बदलले, तरी ह्या निवडणुकीत मतदारसंघाचे नाव ‘औरंगाबाद पूर्व’ हेच होते) श्री. अतुल सावे व श्री. इम्तियाज जलील ह्यांच्यामध्ये अंतर राहिले अवघे २,१६१ मतांचे. इतक्या थोड्या मतांनी जेथे पारडे फिरते, तेथे एकेका मताची किंमत वाढते. आणि किंमत वाढली की ते मत मुळात कोणाचे, हा प्रश्न निघतो. ते देणाऱ्याचे, त्याच्या जातीचे, की ज्याच्या शेतात तो राबतो त्या मालकाचे? ह्याविषयी आमच्या खेडोपाडीच्या वाचकांशी आज थोडे बोलावयाचे आहे.

ही निवडणूक निवांत काळात झाली नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मार्च २०२३ मध्ये रामनवमीच्या आदल्या रात्री शहरातील किराडपुऱ्यात दंगा होऊन पोलिसांच्या गाड्या जाळण्यात आल्या. त्याच वर्षी १ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी चाललेल्या उपोषणाच्या जागी पोलिसांनी लाठ्या चालविल्या, आणि ३० ऑक्टोबरला बीड जिल्ह्यात आमदारांची घरे पेटविली गेली व संचारबंदी पुकारावी लागली. पुढे जून २०२४ मध्ये अंतरवालीपासून जवळच, वडीगोद्री येथे, इतर मागासवर्गीयांच्या बाजूने दुसरे उपोषण बसले. एकाच रस्त्यावर थोड्या अंतराने दोन मांडव, आणि दोहोंत बसलेली माणसे एकाच बाजाराला जाणारी! त्याच उन्हाळ्यात बीडची लोकसभेची जागा ६,५५३ मतांनी फिरली, आणि काही गावांत अमक्या जातीच्या दुकानातून माल घेऊ नये अशा आणाभाका झाल्याच्या बातम्या आल्या. विधानसभेचे मतदान आले ते ह्या सर्वांवर.

मराठवाड्यास हे नवे नाही. पोलीस कारवाईपूर्वी रझाकारांनी गावे लुटली. सप्टेंबर १९४८ मधील त्या कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड वगैरे जिल्ह्यांत पुष्कळ निरपराध मुसलमान मारले गेले, हे पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने नमूद करून ठेविले आहे. ह्या गोष्टीस चार वर्षेही झाली नव्हती, तोच १९५२ मध्ये हैदराबाद राज्याच्या विधानसभेच्या १७५ जागांसाठी प्रौढ स्त्रीपुरुष प्रथमच मत देण्यास निघाले. जाळणारे, जळालेले आणि नुसते पाहत उभे राहिलेले, सर्व एकाच रांगेत होते. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तीवर त्याचे चिन्ह असे. परंतु त्या पेट्या आडोशामागे ठेविलेल्या असत. जखमा ओल्या असलेल्या देशात तो आडोसा केवढ्या मोलाचा होता, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

आता मुख्य गोष्ट. गावातील वजनदार माणसे घरोघर जाऊन मत मागतात, ह्यात वावगे काही नाही. परंतु जेथे तंटा पेटलेला असतो, तेथे मत मागून भागत नाही. शपथ मागितली जाते. बेल-भंडारा उचल, मुलाच्या डोक्यावर हात ठेव, तू ज्या ग्रंथास मानतोस त्यास हात लाव. मागणारा आपल्या जातीचा असेल तर म्हणतो, ‘समाजाशी गद्दारी करू नकोस.’ मालक असेल तर काही म्हणतही नाही. सालगड्याचे साल पाडव्याला भरते आणि नवे ठरते किंवा ठरत नाही, हे दोघांसही ठाऊक असते.

जातीच्या एकीला सरसकट दोष देणारे आम्ही नव्हे. दोन एकर कोरडवाहूचा धनी, ज्याचा मुलगा शिकून घरी बसला आहे, त्यास सरकारदरबारी कोण विचारतो? दहा हजारांनी एकत्र मत दिले तरच विचारतात. वडीगोद्रीच्या मांडवातील धनगर वा वंजारी ह्यासही हेच म्हणता येईल. जे थोडे पदरात पडले आहे तेही जाईल, ही त्याची भीती खोटी नाही. दुबळ्यांनी एकमत होणे हे त्यांचे बळ आहे, आणि ते सोडून द्या असा उपदेश पोटभर जेवलेल्यांनी करू नये. तेव्हा प्रश्न एकीचा नसून ती कशाने जुळली आहे ह्याचा आहे. पटवून दिल्याने जुळली असेल तर तिच्यातून एखादा बाहेर राहिला तरी चालते. धाकाने जुळली असेल तर एकही बाहेर राहिलेला चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे दळण गिरणीत घेतात की नाही, त्याच्या बैलगाडीस पाणंद मोकळी आहे की नाही, त्याच्या मुलीच्या लग्नास भावकी जाते की नाही, एवढे पाहिले म्हणजे ती एकी कोणत्या जातीची आहे ते कळते.

जॉन स्टुअर्ट मिल ह्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १८६१ साली गुप्त मतदानाविरुद्ध लिहिले. मत ही खाजगी मालमत्ता नसून सार्वजनिक ठेव आहे, मग ती लोकांदेखत का वापरू नये, असे त्याचे म्हणणे. ठेव आहे हे आम्हांस मान्य आहे. तुमच्या मताने परक्याच्याही मुलाची शाळा, परक्याच्याही विहिरीचे पाणी ठरते. परंतु ह्याच कारणाने, विश्वस्तास ठेव गहाण टाकता येत नाही. जो शपथ घालून मत आधीच मागून घेतो तो गहाणच मागत असतो. आणि स्वतः मिलनेही कबूल केले होते की, जेथे थोड्यांच्या हाती पुष्कळांची भाकर असते तेथे आडोसा बरा. इंग्लंडात तो १८७२ साली आला.

मग ज्या मजुराने धाकाने शपथ घेतली व आडोशामागे जाऊन निराळे बटण दाबले, त्याने पाप केले काय? हा प्रश्न साधी व देवभीरू माणसेच विचारतात. शपथ घालणारा कधी विचारीत नाही. खोटे बोलणे चांगले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु हेरोदाने भर पंक्तीत घेतलेली शपथ पाळली आणि योहानाचे शिर तबकात आले, हेही आम्हांस ठाऊक आहे. जे देण्याचा आपणांस अधिकार नाही ते देण्याची शपथ पाळल्याने पुण्य होत नाही. दोषाची वाटणी करावयाचीच असेल तर मोठा वाटा ज्याने भंडारा पुढे केला त्याच्या पदरी घालावा.

ह्यापेक्षा अवघड अशी एक गोष्ट आहे, आणि ती धाकाखाली नसलेल्यांविषयी आहे. ज्यांस कोणाचे भय नाही, असे शिक्षक, बागाईतदार, पेन्शनवाले, मतदान करून आल्याबरोबर पारावर मोठ्याने सांगतात की आम्ही अमक्याला दिले. त्यांस त्याचा अभिमान वाटतो. परंतु दहाजणांनी असे सांगितले म्हणजे अकरावा जो गप्प बसला आहे त्याची चुप्पीच बोलू लागते! गप्प बसणे सुरक्षित तेव्हाच, जेव्हा पुष्कळजण गप्प बसतात. म्हणून ज्यांस सांगितल्याने काही तोटा नाही त्यांनीच न सांगण्याचा परिपाठ प्रथम पाडावा, असे आमचे मत आहे. पंचमंडळी, पाळक, गावचे पुढारी ह्यांनी ‘मत दिले’ एवढेच सांगावे. मग सालगडीही एवढेच सांगू शकेल आणि कोणास नवल वाटणार नाही.

कायदा ह्या कामी आपल्या बाजूस आहे, हे पुष्कळांस माहीत नसते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ९४ वे कलम असे आहे की, कोणासही, साक्षीदार म्हणून उभे केले तरी, आपण कोणास मत दिले हे सांगण्यास भाग पाडता येत नाही. १२३ व्या कलमाप्रमाणे उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने, मतदारास वाळीत टाकण्याची वा जातीबाहेर घालविण्याची धमकी देणे, तसेच दैवी कोपाचे भय घालणे, हे भ्रष्ट आचरण ठरते. बेल-भंडाऱ्याचा प्रकार त्यात सहज मोडतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर उमेदवाराशी संबंध नसलेल्यानेही असा दबाव आणल्यास शिक्षा आहे. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा निराळा कायदा आहे तो वेगळाच.

परंतु कायदा एका माणसाचे मत झाकतो. गावाचे मत झाकीत नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळी, जेथे मतदारांस पुढे छळ होण्याची भीती वाटे तेथे निरनिराळ्या केंद्रांवरील पत्रिका मिसळून मोजाव्या, असा आदेश निवडणूक आयोग देऊ शके. यंत्रे आल्यावर ही सोय गेली. एकेका यंत्राचा आकडा निराळा निघतो, तो केंद्रवार प्रसिद्ध होतो, आणि ज्यास पाहिजे तो पाहतो की अमक्या वस्तीने आपणांस किती दिली. टँकर, रस्ता, तारेचा खांब ह्यांचे हिशेब मग तेथून सुरू होतात. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखविणारे साधन वापरण्याची शिफारस आयोगाने २००८ मध्ये केली. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात तिला पाठिंबा दिला. सरकारने ती स्वीकारली नाही. कोणत्या भागात आपले काम कमी पडले हे पक्षांस कळले पाहिजे, असे त्याविरुद्ध सांगण्यात येते. हे कारण शांत गावापुरते ठीक असेल. ज्या गावात दुकानावरून शपथा झाल्या आहेत तेथे तो आकडा कोणाच्या हाती पडतो, हा विचार त्यात दिसत नाही.

उलट केंद्रे लहान होत चालली आहेत. २०२५ मध्ये बिहारपासून आयोगाने एका केंद्रावरील मतदारांची मर्यादा १,५०० वरून १,२०० वर आणली. म्हाताऱ्यांची व लेकुरवाळ्यांची रांगेतून सुटका होईल हे खरे, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु डोंगरापलीकडील ज्या वाडीस दोनशेच मतदारांसाठी स्वतंत्र केंद्र मिळाले आहे, तेथे यंत्रावरचा आकडा वाचून कोणत्या चार घरांनी निराळे मत दिले ते ओळखावयास गावच्या पुढाऱ्यास एक चिलीम संपेपर्यंतचाही वेळ लागत नाही.