रविवार त्या कागदात नाही

रविवारी संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मागे इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती. "गाडी चालवतोयस का?" असं मी विचारलं, तर म्हणालास, "हो बाई, नाटकाच्या तालमीला निघालोय. इथे कोण बघतंय!" मी फोन ठेवून दिला. गाडी हाकणाऱ्या माणसाला तेव्हाच फैलावर घेणं बरं नव्हे. आता घरात बस आणि हे शेवटपर्यंत वाच.

तुला ठरल्या वेळेत गाडी चालवायची मुभा देणाऱ्या कोर्टाच्या हुकमाचा फोटो तूच मला पाठवला होतास. मी तो मोठा करून दोनदा वाचला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी 7:30 ते संध्याकाळी 5:30, घर ते ऑफिस आणि परत. गुरुवारी संध्याकाळी दारूच्या समुपदेशनाचा वर्ग. बस, एवढंच. रविवार त्यात कुठे आहे? तालीम कुठे आहे?

मुळात हा कागद हातात का आला, ते विसरलास. आपल्याकडे कायद्याने 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर मद्य चालत नाही. तुझ्या ओहायोत ही मर्यादा 80 आहे. तीही तू ओलांडलीस, आणि तशा अवस्थेत गाडी चालवायला बसलास. पोलिसांनी जागेवरच परवाना निलंबित केला. पहिले 15 दिवस तर न्यायाधीशांनाही सूट देता येत नाही. पुढे गुन्हा शाबीत झाला, वर्षभर परवाना गेला, आणि मग वकिलामार्फत तू म्युनिसिपल कोर्टापुढे अर्ज केलास की कामापुरती तरी गाडी चालवू द्या, नोकरी गेली तर घर कसं चालवू.

न्यायाधीशांनी तुझं ऐकलं. ऐकलंच पाहिजे असं बंधन त्यांच्यावर नव्हतं. ही मुभा मागता येते, हक्काने वसूल करता येत नाही. तरी पोटापाण्याचं महत्त्व न्यायालयं जाणतात. 1971 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे बेल विरुद्ध बर्सन हा खटला आला होता. बेल हे जॉर्जियातले धर्मोपदेशक, तीन खेड्यांतल्या लोकांकडे जायचं तर गाडीवाचून त्यांचं चालत नव्हतं. एकदा परवाना दिला की तो माणसाच्या पोटापाण्याशी जोडला जातो, म्हणून बेल यांचा परवाना योग्य सुनावणीशिवाय हिरावता येणार नाही, असं त्या न्यायालयाने बजावलं. तुझ्या गावच्या न्यायाधीशांनीही पोटापाण्याचाच विचार केला. त्यांनी तुझ्या मुलांच्या ताटाकडे पाहिलं, आणि तू त्यांच्या सहीचा वापर तालमीला जायला करतोस. बोट दिलं तर मनगट धरतोस!

"कोण बघतंय" हे वाक्य तर मला फार लागलं. ओहायोत कोर्ट अशा माणसाच्या गाडीला लाल अक्षरांची पिवळी नंबर प्लेट लावायला सांगू शकतं. तुझी पहिलीच वेळ, रक्तातल्या मद्याचं प्रमाणही 0.17 टक्क्यांच्या खाली, म्हणून तुझ्यावर ती सक्ती झाली नाही. चारचौघांत मान खाली घालावी लागली नाही. रस्त्यावर कुणाला काही कळत नाही, कारण एका माणसाने तुझ्यावर विश्वास टाकला. तो विश्वास तू पळवाट म्हणून वापरलास.

तुझ्यामागे त्याच कोर्टात कोण उभं असतं, कधी मान वळवून पाहिलंस? तिथे विमा नसताना गाडी चालवली तरी परवाना निलंबित होतो, मुलांच्या पोटगीचे हप्ते थकले तरी होतो. त्यांतल्या कितीजणांनी दारूच्या थेंबाला हात लावलेला नसतो. रात्रपाळीला जायला बस नसते, वकिलाला द्यायला पैसे नसतात. तुझ्यासारख्यांनी कागदाची किंमत घालवली की पुढच्या अर्जावर सही करताना न्यायाधीश आखडता हात घेतील, आणि त्याची झळ तुला नाही, त्या माणसाला बसेल.

ठरल्या वेळेबाहेर सापडलास तर तो परवाना निलंबित असताना गाडी चालवल्याचा नवा गुन्हा. हातातली मुभाही जाईल. पण तू सापडशील म्हणून मी रागावलेले नाही. रविवारी वाटेत एखादं पोर सायकलवरून आडवं आलं असतं तर मला काय सांगितलं असतंस?

हुकमाची प्रत गाडीच्या कप्प्यात कोंबून ठेवू नकोस, स्वयंपाकघरात सगळ्यांना दिसेल अशी चिकटव. बायकोला वेळा वाचून दाखव. गुरुवारचा एकही वर्ग बुडवू नकोस. तालमीला जायचंच असेल तर मंडळातल्या कुणाला तरी घ्यायला बोलाव, आणि का बोलावतोस तेही त्याला खरं सांग. लाज वाटेल, वाटू दे. आणि मला पुढचा फोन करशील तो घरातून कर.