डाळीच्या डब्यातले पैसे

शंभराची एक नोट दुसऱ्या शंभराच्या नोटेइतकीच, हे बाजारात खरं. घरात शिरली की मात्र प्रत्येक नोट कुणाची, कशाची, हे ठरून जातं. पगाराचे पैसे वेगळे, भाऊबीजेच्या ओवाळणीचे वेगळे, भिशी लागली त्याचे आणखी वेगळे. किराणा उधारीवर चाललेला असतानाही ओवाळणीला हात लावायला बाई कचरते. लावलाच, तर पुढच्या महिन्यात तेवढेच पैसे पुन्हा त्या पाकिटात जातात. काटेकोर हिशेबनीस याला खुळेपणा म्हणेल. व्हिव्हियाना झेलिझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तसं म्हटलं नाही. १९९४ साली आलेल्या 'द सोशल मीनिंग ऑफ मनी' या पुस्तकात त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी घरांतली हीच वाटणी तपासली आणि पैसा सगळीकडे सारखाच असतो, ही समजूत खोडून काढली.

मला मात्र या वाटणीत भावनेपेक्षा सत्तेचा भाग जास्त दिसतो. पैसा कुणाचा, हा प्रश्न पुष्कळदा 'तो आहे हे कुणाला माहीत आहे' इथे येऊन ठरतो. तूरडाळीच्या डब्याच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या नोटा बाईच्या असतात, कारण त्या कुणाला ठाऊक नसतात. माहेरी कुणी आजारी पडलं, मुलीची फी भरायची राहिली, तर परवानगी न मागता खर्च करता येतात.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि हे डबे उघडावे लागले. बदलायला द्यायची रक्कम आधी घरातल्यांना सांगणं आलं. अडीच लाखांपर्यंत भरणा केला तर गृहिणींना विचारणा होणार नाही, असा दिलासा सरकारने दिला होता. सरकार विचारणार नव्हतं. नवरा विचारणारच होता. काळा पैसा किती सापडला यावर भरपूर वाद झाले, पण कित्येक घरांत त्या आठवड्यांत बायकांची गंगाजळी उघडी पडली, त्याचा ताळेबंद फारसा कुणी मांडला नाही.

डबा म्हणजे स्वातंत्र्य, असं मला म्हणायचं नाही. त्यात व्याज मिळत नाही, उंदीर लागतो, दारुडा नवरा तो हुडकून काढतोच. चोरून साठवावं लागतं, यातच हक्क नसल्याची कबुली आहे. बँकेतलं खातं त्याहून कितीतरी बरं. शिवाय पैशावर खूण करायची सवय मोबाइलनेही मोडलेली नाही. लग्नाचा आहेर फोनवरून पाठवतानाही लोक पाचशे एकच पाठवतात.

पण खात्याला साक्षीदार फार. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. नाव तिचं, ही गोष्ट मोठीच. मात्र पैसे जमा झाल्याचा मेसेज ज्या फोनवर येतो, तो मुलाच्या खिशात असेल, आणि कार्ड नवऱ्याच्या पाकिटात, तर रक्कम आली त्याच दिवशी तिचे वाटेकरीही ठरतात. महिलांची किती खाती उघडली, हे आपण अभिमानाने मोजतो. त्याच नोंदवहीत आणखी एक रकाना हवा: एटीएमचा पिन घरात कुणाकुणाला माहीत आहे?