पुन्हा परीक्षेला बसताना

ज्याने वीस वर्षे पूल, पाण्याच्या टाक्या आणि इमारती उभ्या केल्या, ज्याच्या हाताखाली तरुण अभियंते तयार झाले, त्याला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी परक्या देशात परीक्षेला बसविणे न्याय्य आहे काय? वरवर पाहता प्रश्न पोटापाण्याचा दिसतो. वास्तविक तो स्वाभिमानाचा असतो, आणि अधिक खोल गेल्यास विश्वासाचा.

आम्ही पाचजण 2016 साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात या प्रश्नाला सामोरे गेलो. दोघे वसईचे, एक गोव्याचा, एक पुण्याचा आणि एक फिलिपिन्सहून आलेला. त्या देशात परवाना नसलेल्या माणसाला आपल्या नावापुढे अभियंता ही उपाधी लावता येत नाही. आमच्या पदव्या पेटीत होत्या. आमच्यापैकी कोणी गोदामात खोकी उचलीत होता, तर कोणी रात्रपाळीचा पहारेकरी होता. शनिवारच्या संध्याकाळी चर्चच्या तळघरातील एका खोलीत आम्ही अभ्यासाला जमत असू. चाळिशी उलटलेली माणसे चष्मे सावरीत वह्यांत टिपणे काढीत आहेत, हे दृश्य पाहून आमची मुले हसत. आम्हीही हसत असू, पण ते हसू वरवरचे होते.

परवान्यासाठी जी परीक्षा सर्वांनाच द्यावी लागे, ती गणिताची नव्हती. तिचे दोन भाग होते, एक नीतीचा आणि दुसरा कायद्याचा. उत्तरे सविस्तर लिहावी लागत. 'नीती? ती तर आम्ही घरूनच घेऊन आलो आहोत,' असे आम्ही एकमेकांना म्हणालो. मग एका संध्याकाळी सरावाचा एक प्रश्न पुढे आला. तुम्ही स्वतः न तपासलेल्या आराखड्यावर सही करावयास वरिष्ठांनी सांगितले, तर तुम्ही काय कराल? उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होते. तरीही खोलीत कोणी बोलेना. अखेरीस आमच्यापैकी एकजण हळूच म्हणाला, 'मी केली आहे. चार मजली इमारत होती. आकडेमोड पाहिली नव्हती. लोक राहतात तिथे.'

त्यानंतर त्या खोलीतील परीक्षेचे स्वरूपच बदलले. आम्ही प्रत्येकजण आपापल्या वीस वर्षांकडे मागे वळून पाहू लागलो. ज्या अनुभवाच्या बळावर आम्ही परीक्षेला अपमान मानीत होतो, त्या अनुभवातच काही नजरचुका, काही भिडेखातर केलेल्या सह्या, काही सोयीस्कर मौने दडलेली होती.

त्याच अभ्यासात आम्हांला क्वेबेकच्या पुलाची हकीगत भेटली. सेंट लॉरेन्स नदीवर बांधला जात असलेला हा लोखंडी पूल 29 ऑगस्ट 1907 रोजी कोसळला आणि 75 कामगार मृत्युमुखी पडले. त्यांपैकी 33 जण काहनवाके येथील मोहॉक या मूळनिवासी जमातीचे होते. पुलाचा मधला गाळा 1600 फुटांवरून 1800 फुटांवर नेण्यात आला होता. परंतु वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळीच नव्याने मांडला गेला नव्हता. खालच्या तुळया वाकू लागल्याचे जागेवरील माणसांच्या ध्यानात आले होते. मुख्य सल्लागार थिओडोर कूपर दूर न्यूयॉर्कला होते. काम थांबविण्याची निकड वेळेत पुलापर्यंत पोहोचली नाही.

कूपर यांचा अनुभव तोकडा होता काय? मुळीच नाही. ते त्या काळातील नामांकित पूलतज्ज्ञ होते. किंबहुना त्यांच्या कामाची सरकारी अभियंत्याकडून तपासणी व्हावी असे ठरू लागले, तेव्हा त्यांनी हरकत घेतली आणि ती मान्यही झाली. ज्याला पुन्हा तपासण्याचे धाडस कोणी केले नाही, त्याच माणसाच्या देखरेखीखालील पूल कोसळला. हे वाचल्यावर 'माझा वीस वर्षांचा अनुभव' हे शब्द आमच्या तोंडून पूर्वीच्या ताठ्याने पुन्हा निघाले नाहीत.

परंतु म्हणून परक्याला घातलेली प्रत्येक अट न्याय्य ठरते काय? तसे आम्हांला वाटत नाही. परीक्षा स्थानिक पदवीधरालाही द्यावी लागे. तीत आमच्यावर अन्याय नव्हता. मात्र त्या काळी किमान 12 महिने कॅनडातच काम केलेले असले पाहिजे अशीही अट होती, आणि परवाना नाही म्हणून मनाजोगे काम मिळत नसे. विहिरीत उतरल्याशिवाय दोर नाही आणि दोराशिवाय उतरणे नाही, अशी ती अवस्था. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने 2013 मध्येच अशी सरसकट अट प्रथमदर्शनी भेदभाव ठरते असे म्हटले होते. पुढे 2021 मध्ये प्रांताने कायदा बदलला आणि 2023 मध्ये अभियंत्यांसाठीची ही अट काढून टाकण्यात आली.

यातून आम्हांला एक भेद उमगला. 'तुमच्यावर कशाच्या आधारे विश्वास ठेवावा?' हा एक प्रश्न आणि 'तुम्ही आमच्यातले आहात काय?' हा दुसरा. पहिला प्रश्न विचारण्याचा हक्क पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला आहे. त्याला उत्तर देणे हे अपमानाचे नव्हे, ते आपले देणे आहे. दुसरा प्रश्न विचारण्याचा हक्क कोणालाही नाही. दुःख असे की दोन्ही प्रश्न पुष्कळदा एकाच खिडकीतून, एकाच आवाजात विचारले जातात. आणि वाचकहो, दुसरा प्रश्न केवळ परदेशातच विचारला जातो असे नाही. आपल्या गावात घर बांधताना दूरच्या राज्यातून आलेल्या गवंड्याचे काम आपण आधी पाहतो की त्याचे गाव?

आमचा तो मित्र नीतीच्या भागात चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. आम्ही अभिनंदन केले, तेव्हा तो म्हणाला, 'उत्तर मला तेव्हाही ठाऊक होते.' हे खरेच आहे. परीक्षा ज्ञान मोजू शकते. धैर्य मोजण्याचे माप तिच्यापाशी नाही. परवाना एवढेच करतो की, नाही म्हणू पाहणाऱ्या माणसाच्या पाठीशी तो उभा राहतो.

निकालानंतर त्याने मायदेशी त्या इमारतीच्या रहिवाशांना पत्र लिहिले, घडले ते कळविले आणि स्वतःच्या खर्चाने एका जाणकाराकडून तपासणी करविली. आकडेमोड बरोबर निघाली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. तो मात्र शांतपणे म्हणाला, 'म्हणजे मी निर्दोष होतो असे नव्हे. दुसऱ्या कोणीतरी आपले काम चोख केले होते, एवढाच याचा अर्थ.'

त्याच्या भिंतीवर आज परवाना टांगलेला आहे. तपासणीचा तो अहवाल मात्र त्याने टेबलाच्या खणात, सहीच्या शिक्क्याशेजारी ठेवला आहे. शिक्का उचलताना प्रत्येक वेळी तो हाताला लागतो.