पात्र आणि पात्रता

लोकांच्या अंतःकरणात वसलेल्या वीरपुरुषाचे काम कोणत्या नटाने करावे, हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा; परंतु त्यावरून उसळणारा क्षोभ पाहिला म्हणजे तो नीतीचाही आहे हे ध्यानात येते. अमेरिकेतील चित्रकथांतला गोरा जॉनी स्टॉर्म २०१५ च्या चित्रपटात मायकेल बी. जॉर्डन या कृष्णवर्णीय नटाने रंगविला, तेव्हा चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच हा मूळ कथेशी द्रोह होय अशी ओरड झाली. आपल्याकडे त्या वीरांची जागा पुराणांतील व इतिहासातील पुरुषांनी घेतली आहे. म्हणून हा प्रश्न आपणांस अधिक जिव्हाळ्याचा वाटतो.

प्रथम आक्षेपकांची बाजू पाहू. इंदापूर आणि हल्लीच्या बारामती तालुक्यातील सुपे हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. या टापूतील मनुष्यास शिवछत्रपती घरच्या वडिलांसारखे वाटले तर नवल नाही. २०२२ साली ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या चित्रपटात महाराजांच्या भूमिकेसाठी अक्षय कुमार यांचे नाव जाहीर होताच पुष्कळांनी नाके मुरडली. पुढे त्यांची पहिली छबी प्रसिद्ध झाली, तीत विजेच्या दिव्यांचे झुंबर दिसले. महाराज निवर्तले १६८० साली आणि एडिसनचा दिवा लागला १८७९ साली! या आक्षेपास उत्तर नाही. घडलेल्या गोष्टींशी इमान राखा, असे बजावण्याचा प्रेक्षकास पूर्ण अधिकार आहे.

परंतु सर्वच आक्षेप इमानापोटी निघतात काय? द्रौपदीचे एक नावच कृष्णा. तथापि तसबिरीतील गोरी द्रौपदी पाहून कोणी संतापल्याचे आमच्या ऐकिवात नाही. फाळक्यांच्या ‘लंकादहना’त (१९१७) साळुंके नावाच्या एकाच पुरुषाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी अश्रू ढाळणाऱ्यांस ती स्त्री नव्हे हे ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? बारामतीस राहून काव्यरचना करणाऱ्या मोरोपंतांनी तर रामकथा एकशे आठ परींनी गाइली असे परंपरा सांगते. त्यांच्या निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य. अर्थात खुद्द ‘राम’ हा शब्दही तेथे येऊ शकत नाही. तरी ते रामायणच ठरले, कारण रामाचे रामपण अक्षरांत नसून चरित्रात आहे.

कोणी म्हणेल, पुराण निराळे आणि इतिहास निराळा. हे आम्हांस मान्य आहे. इतिहास कवीचे व दिग्दर्शकाचे हात बांधतो खरा. पण तो घटनांच्या बाबतीत, नटाच्या जन्माच्या बाबतीत नव्हे. चिन्मय मांडलेकर हे मराठी नट. ‘फर्जंद’ (२०१८), ‘पावनखिंड’ (२०२२) इत्यादी चित्रपटांतील त्यांचे शिवराय लोकांनी वाखाणले होते. २०२४ साली त्यांच्या मुलाच्या नावावरून कुटुंबावर इतका शिव्याशाप झाला की, ही भूमिका यापुढे करणार नाही असे त्यांनी जाहीर केले. येथे मूळ चरित्रापासून काय ढळले होते? काहीच नाही. भक्ती म्हणविणारी वृत्ती येथे निव्वळ मालकी होऊन बसली, आणि तिने नटाच्या घरात शिरून जाब विचारला.

म्हणून विवेकी प्रेक्षकाने रागावण्यापूर्वी स्वतःस दोन प्रश्न विचारावेत असे आम्हांस वाटते. इतका किंवा याहून मोठा फेरफार आपण दुसरीकडे निमूटपणे खपवून घेतला आहे काय? आणि आपला आक्षेप नटाच्या कामावर आहे, की त्याच्या वर्णावर, जातीवर, घरावर? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले, तर इमानाची भाषा सोडून द्यावी. दुसऱ्याचे उत्तर नटाच्या जन्माकडे बोट दाखवू लागले, तर त्या वीरपुरुषाचे नाव आपल्या क्षोभास देऊ नये. नटाची पात्रता त्याने भूमिका करून दाखविल्यावर ठरवावी. तोवर धीर धरणे हेच त्या पूज्य पुरुषावरील आपल्या प्रेमास शोभेल.