दाराची कडी आणि सेवेचा अर्थ

खान्देशात तापीच्या परिसरातील कोथळी व मेहूण ही संत मुक्ताबाईंची पावन स्थाने होत. इ. स. १२९७ मध्ये याच भूमीवर, विजांच्या कडकडाटात, मुक्ताबाई अंतर्धान पावल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्यांचे नाव घेताच ताटीच्या अभंगांचे स्मरण होते. जनांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने ती ताटी लोटली नाही. तिने बाहेर उभे राहून विनवणी केली. दार आतल्याच्या हाताने उघडावे, ही मर्यादा तिने पाळली.

या प्रसंगातून एक साधे सत्य उमगते. दार उघडण्यात जसे स्वातंत्र्य आहे, तसेच ते लावून घेण्यातही आहे. धडधाकट माणसाला या स्वातंत्र्याची जाणीवही नसते, कारण त्याच्या हाताला कडी सहज लागते. परंतु संधिवाताने बोटे आखडलेली वृद्धा, अर्धांगवायूने एक हात निकामी झालेला गृहस्थ किंवा चाकाच्या खुर्चीवरून आलेला तरुण जेव्हा यात्रेस येतो, तेव्हा त्याची खरी कसोटी पुष्कळदा गाभाऱ्यापाशी लागत नाही. ती भक्तनिवासाच्या खोलीपाशी लागते. दाराच्या वरच्या टोकाला बसवलेली खिटी, जड अल्ड्रॉप, कोयंड्यातले लहानसे कुलूप, ओल्या हातातून निसटणारी गोल मूठ, या किरकोळ वस्तू त्याच्यापुढे डोंगरासारख्या उभ्या राहतात.

यावर एक शंका घेतली जाते. देवस्थानात सेवेकरी असतात, सोबत घरची माणसे असतात, कोणीही दार उघडून देईल. मग वेगळ्या व्यवस्थेची आवश्यकता काय? शंका सद्भावनेतून आलेली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. परस्परांच्या आधाराने चालणे हाच वारीचा धर्म आहे, आधार घेण्यात कोणताही कमीपणा नाही. तथापि, मागितलेली मदत आणि मागावीच लागणारी मदत यांत मोठे अंतर आहे. मंदिराच्या पायऱ्यांवर पुढे आलेला हात आनंदाने धरला जातो. स्नानगृहाची कडी लावता येत नाही म्हणून दार नुसते लोटून, बाहेर कोणाला तरी राखणीस उभे करावे लागते, तेव्हा तोच आधार मनाला बोचतो. तेथे सेवेकऱ्याची तत्परता कितीही असली तरी गमावलेला संकोचरहित एकांत तो परत देऊ शकत नाही. तो एकांत हाती येणारी कडीच देऊ शकते.

दारातून आत येणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हा धडा महाराष्ट्राने पूर्वीच घेतला आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये अध्यापन केलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचे श्रीविठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये उपोषण केले. ते दार माणसांच्या मनातील भेदाने बंद होते. येथे तसा भेद कोणी करीत नाही. येथे अडवते ते केवळ अनवधान. पण बाहेर थांबलेल्याच्या दृष्टीने दार बंदच असते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानेही सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत धार्मिक कार्याच्या वास्तूंचा समावेश केला आहे.

उपाय अवघड नाहीत. गोल मुठीऐवजी खाली दाबण्याचा दांडा, जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर बसवलेली व सहज सरकणारी कडी, खुर्ची आत जाईल असे ९०० मिलिमीटर रुंदीचे दार, उंबरठ्याऐवजी सपाट किंवा अगदी हलका उतार, स्पर्शाने ओळखता येणारा खोली क्रमांक, आणि आत कोणी पडल्यास बाहेरून उघडता येईल अशी स्नानगृहाची कडी, एवढे पुष्कळ झाले. पारखही सोपी आहे. एका हाताची मूठ मिटलेली ठेवून, त्याच हाताने दार उघडता आणि लावता आले पाहिजे. यासाठी प्राचीन महाद्वाराला किंवा गर्भगृहाच्या उंबरठ्याला धक्का लावावा लागत नाही. प्रश्न आहे तो यात्रेकरू स्वतः वापरतो त्या दारांचा.

देवाच्या दाराला चांदीचा पत्रा अर्पण करणारे दाते थोर आहेत, आणि त्यावर कोरलेले नाव पिढ्यान्‌पिढ्या वाचले जाते. स्नानगृहाच्या कडीवर मात्र कोणाचेही नाव कोरले जात नाही. तिचा लाभ घेणाऱ्यालाही दाता कळत नाही, आणि म्हणूनच कोणाच्या उपकाराचे ओझे त्याच्या मनावर राहत नाही. गुप्तदानाचा महिमा आपल्या परंपरेने गायिला आहे, तो याच कारणासाठी. ज्या सेवेने घेणारा कायमचा आश्रित होतो तिच्यापेक्षा, ज्या सेवेनंतर त्याला सेवेकऱ्याला हाक मारावी लागत नाही ती सेवा श्रेष्ठ मानावी.

मुक्ताबाईंनी ताटी उघडण्याचा मान आतल्याच्या हाताला दिला. तो हात थरथरणारा असो वा बोटे आखडलेला असो, तो मान त्याचाच राहावा, एवढी काळजी प्रत्येक देवस्थानाने आणि प्रत्येक दात्याने वाहावी.

॥ शुभं भवतु ॥