पाण्याचा वास

शास्त्रपाठ : ईयोब १४:७-१५, योहान ६:१२



आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेचे पाच-सहा पेले नेहमी ओळीने मांडलेले असतात. जवळ जाऊन पाहिले म्हणजे कळते की, एकात कांद्याच्या पातीचे बुडखे उभे आहेत, दुसऱ्यात पाने खुडून घेतलेल्या पुदिन्याच्या काड्या आहेत, तिसऱ्यात मायाळूच्या वेलाचा तुकडा आहे, आणि शेजारी एका बशीत गाजराचा देठाकडील काप ठेवलेला आहे. नोकरीनिमित्त आम्ही बंगळूरास भाड्याच्या घरात राहतो. अंगण नाही, आहे ती हातभर रुंदीची गॅलरी व काही डबे-कुंड्या. तेवढ्यात माझी पत्नी बाग करते, आणि तीही बहुतांशी विळीखाली पडलेल्या वस्तूंतून.

कृती सोपी आहे. पात चिरताना मुळाकडचा दोन बोटे पांढरा भाग राखून ठेवावयाचा आणि मुळे बुडतील इतकेच पाणी पेल्यात घालावयाचे. कांद्याच्या बुडाशी एक लहानशी चकती असते. तिच्या खालून मुळे फुटतात व वरून पाने. ती चकती शाबूत असली की दोन-तीन दिवसांत मधोमध हिरवे टोक वर येते. पुदिन्याची काडी पेऱ्याखाली कापून पाण्यात ठेवली तर आठ-दहा दिवसांत त्या पेऱ्याला मुळ्या सुटतात. मात्र दोन पथ्ये आहेत. पाणी वरचेवर बदलावे लागते, नाहीतर बुडखा सडतो. आणि नुसत्या पाण्यावर कायमचे भागत नाही. साठलेले अन्न संपले की रोप फिकट पडते, मग त्याला मातीत न्यावेच लागते.

हे सारे मी कित्येक वर्षे कौतुकाने, परंतु दुरूनच पाहत होतो. एके दिवशी ते माझ्यावर आले.

वाचकहो, मी आपल्यापुढे एक गोष्ट कबूल करतो. वडिलांच्या पश्चात गावाकडील घराच्या वाटणीवरून माझे व माझ्या धाकट्या भावाचे बिनसले. नऊ वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याच वर्षांत मी क्षमेविषयीची वचने मूळ भाषांतून मराठीत आणण्यासाठी एकेका शब्दावर दिवस दिवस घालवीत होतो, हे लिहिताना मला लाज वाटते. दर नाताळात भावाचे एक कार्ड येई. छापील शुभेच्छांखाली फक्त त्याची सही असे. मी उत्तर देत नसे. अशाच एका नाताळात मी ते कार्ड केराच्या टोपलीत टाकले. पत्नीने ते बाहेर काढले, पदराने पुसले आणि पेल्यांशेजारी खिडकीत उभे केले.

“अहो, याला अजून मूळ आहे,” एवढेच ती म्हणाली.

“नुसती सही आहे. तीत काय उरलंय?” मी विचारले.

“पात कापल्यावर तरी काय उरतं?” असे म्हणून ती पेल्यांतील पाणी बदलू लागली.

त्या आठवड्यात माझ्या मेजावर ईयोबाचा चौदावा अध्याय होता. सर्वस्व गमावलेला ईयोब तेथे तोडलेल्या झाडाकडे पाहतो आणि जणू त्याचा हेवा करतो. झाडाला आशा आहे, असे त्याचे म्हणणे. मूळ जमिनीत जुने झाले, बुंधा धुळीत मेला, तरी पाण्याचा नुसता वास लागताच त्याला अंकुर फुटतो. इब्री मजकुरात अक्षरशः ‘वास’ हाच शब्द आहे. पाऊस नव्हे, पाट नव्हे, वास. पाण्याला वास कोठला, असे वाटून भाषांतरकाराला तेथे ‘ओलावा’ लिहिण्याचा मोह होतो. परंतु उन्हाळ्याच्या अखेरीस दूरवर कोठेतरी पडलेल्या सरीचा गंध ज्याने वाऱ्यावर घेतला आहे, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मी त्या शब्दापाशी थांबलो. दर नाताळात माझ्या दारी येणारी ती सही म्हणजे पाण्याचा वासच नव्हता काय?

परंतु ईयोब येथे थांबत नाही, म्हणून आपणही थांबू नये. झाडाविषयी बोलून झाल्यावर तो म्हणतो की, मनुष्याचे तसे नाही. मनुष्य मरतो व आटलेल्या नदीसारखा नाहीसा होतो. खिडकीतील हिरवे कोंब दाखवून ‘असेच आपणही पुन्हा उगवू’ असा धडा देणे सोपे आहे. ईयोब तो देत नाही, आणि ज्याने आपल्या माणसाला मूठमाती दिली आहे त्याला तो पटणारही नाही. जिच्यातून आपण आपल्या बळावर फुटू, अशी कोणतीही चकती आपल्या ठायी शिल्लक राहत नाही.

मग आशा कोठे आहे? येथे मूळ भाषेतील एक धागा पाहण्यासारखा आहे. तोडलेले झाड पुन्हा फुटते, असे सांगताना सातव्या वचनात ईयोबाने ‘हालफ’ या धातूपासून बनलेले क्रियापद वापरले आहे. पुढे चौदाव्या वचनात, माझी सुटका येईपर्यंत मी वाट पाहीन असे तो म्हणतो, तेव्हा त्या सुटकेसाठी त्याने त्याच धातूपासून बनलेले नाम घेतले आहे. झाडाचे फुटणे आणि मनुष्याची सुटका, या दोहोंना इब्री कान एकाच सुरात ऐकतो. मराठीत दोन वेगळे शब्द घ्यावे लागतात व धागा तुटतो. ही आमच्या कामातील नेहमीची खंत. परंतु ईयोबाला जे सांगावयाचे आहे ते स्पष्ट आहे. झाडाला जी आशा मुळामुळे आहे, ती मला माझ्या मुळामुळे नाही. देव माझी आठवण करील, आपल्या हातच्या कृतीची त्याला ओढ लागेल व तो मला हाक मारील, म्हणून ती आहे.

बुडख्यात जीव होता, हे खरे. पण केराच्या टोपलीत पडलेल्या बुडख्यातही तो होताच. एक वाढला आणि एक कुजला, कारण एकाला कोणीतरी उचलले.

ईयोबाने त्या बुंध्यासाठी योजलेला शब्द यशयाच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभीही आला आहे. दाविदाचे राजघराणे तोडलेल्या झाडासारखे होईल, आणि इशायाच्या त्याच बुंध्याला धुमारा फुटेल, असे संदेष्टा सांगतो. आपला प्रभू असा आला. आणि त्यालाही लोकांनी तोडले, कबरेत ठेवले, वर शिळा लावली. तिसऱ्या दिवशी पित्याने त्याला उठविले. आपली आशा त्या उठविणाऱ्यावर आहे.

याच प्रभूने पाच हजारांना जेवू घातल्यावर शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले, काहीही फुकट जाऊ नये म्हणून. योहानाने येथे जे ग्रीक क्रियापद योजले आहे, तेच तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात मनुष्याच्या नाशाविषयी आले आहे. आणि सहाव्याच अध्यायात पुढे, पित्याने मला दिलेल्यांपैकी मी काहीही हरवू नये असे प्रभू म्हणतो, तेथेही तेच आहे. भाकरीचा तुकडा व मनुष्याचा जीव, दोहोंसाठी एकच शब्द. ज्याला तुकडा वाया गेलेला चालत नाही, त्याला माणूस वाया गेलेला कसा चालेल?

आपल्या मंडळीला हे नवे नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि ज्यांच्याकडे पाहण्यास कोणी उरले नव्हते अशा शेकडो मुली व विधवा त्यांनी आणल्या. केडगावच्या मुक्तीमध्ये त्यांना शिक्षण मिळाले, हाताला काम मिळाले. पुढे रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे जे मराठी भाषांतर केले, ते मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांनी खिळे जुळवून छापले. १९२२ साली रमाबाई प्रभूकडे गेल्या. त्या भाषांतराची पाने उलटताना मला ते हात दिसतात. जगाने त्यांना केर म्हटले होते.

आता गाजराविषयी. गाजराचा काप बशीत ठेवला तर त्याला सुंदर हिरवा तुरा फुटतो, पण नवे गाजर कधीही धरत नाही. जो भाग खाल्ला गेला तो गेला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण समेट झाला म्हणजे सारे पूर्ववत होते अशी आपली समजूत असते. मी त्या नाताळात भावाला पत्र लिहिले. चार ओळींचेच, पण पहिली ओळ क्षमेची होती. उत्तर पुनरुत्थानाच्या सणानंतर आले : “दादा, पत्र पोचलं. पहाटे कबरस्थानात गेलो होतो. आईच्या कबरीवर तुझ्याही नावाची फुलं ठेवली.” घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ती नऊ वर्षेही परत आली नाहीत. परंतु आता आम्ही बोलतो, आणि बोलण्यात पुन्हा कडवटपणा साचू नये म्हणून पाणी बदलत राहावे लागते. आमचे नाते अजून पेल्यातच आहे. ते मातीत जावे, अशी माझी रोजची प्रार्थना आहे.

प्रिय वाचकहो, आपल्या घरच्या टोपलीत काय पडले आहे? न उघडलेले पत्र, मंडळीतून दूर गेलेला एखादा तरुण, की ‘आता माझ्यात काही उरले नाही’ म्हणून आपण स्वतःच टाकून दिलेले आपले जीवन? देवाने ज्याला अजून केर म्हटलेले नाही, त्याला आपण म्हणू नये. आज एक ओळ लिहा, एका दारावर जा. वाढविणे आपल्या हाती नाही, उचलणे आहे.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तू आपल्या हातच्या कृतीला विसरत नाहीस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. आम्ही ज्यांना टाकून दिले, त्यांना उचलण्याची नम्रता आम्हांस दे. आणि आम्ही स्वतः धुळीस मिळू, तेव्हा आम्हांला हाक मार. आम्ही उत्तर देऊ. मेलेल्यांतून उठविलेल्या तुझ्या पुत्राच्या नावाने मागतो. आमेन.